तिसऱ्या दरवाज्याची मथुराबाय

मथुराबायने माझ्या थोबाडीत मारली तेव्हा मला सरकारी नोकरीत लागून जेमतेम पाच महिने झाले होते. मारली तीही चारचौघांत, धरणाच्या पुलावर, दोन मजूर आणि एक वायरमन बघत असताना. मी धरणाचा शाखा अभियंता, ती माझ्या हाताखाली दरवाजे चालवणारी बाई. नियमाप्रमाणे तिला त्याच दिवशी घरी बसवता आलं असतं. मी तसं केलं नाही, पण मी मोठ्या मनाचा होतो असा गैरसमज नको. तिचं बरोबर होतं, आणि ते तिचा हात माझ्या गालावर बसायच्या थोडं आधी मला कळलेलं होतं.

धरणाचं नाव सांगत नाही, त्याच्या फायली अजून फिरताहेत. एवढं सांगतो की अलिबागहून श्रीवर्धनकडे जाताना ज्या आखूड नद्या लागतात त्यांतल्या एकीवर ते आहे. या नद्या डोंगरातून उतरतात न उतरतात तोच समुद्राला मिळतात. आमच्या धरणातून सोडलेलं पाणी पाऊण तासात खाडीच्या तोंडाशी पोचायचं. धरण माझ्या वडिलांच्या वयाचं. लांबलचक मातीचा बांध, त्याच्या एका टोकाला दगडी सांडवा आणि सांडव्यावर पाच लोखंडी दरवाजे. त्यांतले दोन गंजून कायमचे बसलेले. दर पावसाळ्याआधी मोठे साहेब यायचे, बांधावरून फेरी मारायचे, आणि ‘दुरुस्ती प्रस्तावित’ असा शेरा लिहून जेवायला जायचे. बांधावरची झुडपं तोडणंसुद्धा प्रस्तावितच होतं. तोवर त्यांना दोन मोसम करवंदं लागून गेली.

खाडीच्या तोंडाशी कोळ्यांची बंदरवाडी. मथुराबाय तिथली सून.

थोबाडीत खाल्ली तो दिवस आषाढातल्या अवसेचा. वरच्या ऑफिसातून मला कागद आलेला होता, की पाणी अमुक खुणेवर गेलं की दरवाजे उचला. सकाळी अकराला पाणी खुणेवर गेलं. मी मूळचा सांगोल्याकडचा. आमच्याकडे पाणी आलंच तर एका दिशेने जातं. समुद्र दिवसातून दोनदा उलटा चालून येतो हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, पण त्याचा माझ्या दरवाज्यांशी काही संबंध असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

“सायब, आज अवस हाय,” मथुराबाय म्हणाली. “बारा वाजता पुरी भरती. खालून दर्या येतोय, वरून तू सोरनार. मंग पानी जाईल कुठं? माज्या वारीत?”

वारी म्हणजे वाडी; तिच्या बोलीत बऱ्याचदा ‘ड’चा ‘र’ आणि ‘ळ’चा ‘ल’ व्हायचा. मी तिला कागद दाखवला. तिने तो वाचला नाही, तिला वाचता येत नव्हतं. एक तास थांबा, असं ती तीन वेळा म्हणाली. मी तिन्ही वेळा ‘खूण’ हा शब्द उच्चारला. शेवटी तिने दरवाजे उचलले, कारण तेव्हा ती अजून मला साहेब समजत होती. साडेबाराला वाडीतून फोन आला. धरणाचं पाणी भरतीवर आपटून मागे फिरलं होतं आणि घराघरांत कमरेएवढं उभं होतं. तीन घरांच्या भिंती बसल्या होत्या. एक म्हातारा माळ्यावर चढताना पडला आणि खुब्यात मोडला. तो पुढे कधी उभा राहिला नाही. मी फोन ठेवला, वळलो, आणि तिचा हात आला.

“तिथीची पाऊनपट शिक पयली,” ती म्हणाली. “मंग दरवाज्याला हात लाव.”

मी शिकलो. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला बाराच्या सुमारास. ही पाऊणपट कोळ्याच्या पोराला बोलता यायच्या आधी येते. त्या दिवसापासून धरणाच्या नोंदवहीत मी तारखेशेजारी तिथी लिहू लागलो. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलंही, “काय हो, धरणावर रोजची पूजा वगैरे असते का?” मी हो म्हणालो. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

दिसायला ती बुटकी आणि रुंद. लुगडं गुडघ्याच्या वर कसलेलं, त्याखाली खात्याचे गमबूट, वर खात्याचा रेनकोट, आणि केसांत रोज अबोलीचा गजरा. दंड असे की गोदीवरचा हमाल लाजावा. बोलणं म्हणजे ओरडणं. हळू बोलायचं असलं की ती बोलायचीच नाही. तिच्या हातात कायम एक वेळूची काठी असायची, आणि ती काठी नुसती धरण्यासाठी नव्हती. कुत्रा, बैल, ठेकेदाराचा मुकादम, दारू पिऊन बांधावर झोपलेला माणूस, सगळ्यांना ती एकाच मापाने मारायची. एकदा एका मुकादमाने बांधाच्या पायथ्याची माती रस्त्याच्या भरावासाठी उकरायला घेतली. मथुराबायने त्याला आधी पाठीत तीन काठ्या हाणल्या आणि मग विचारलं, “कोनाला इचारलंस?” हा तिचा क्रम होता. आधी काठी, मग प्रश्न. आम्ही हसायचो. पुढे हसणं बंद झालं.

ती धरणावर लागली ती नवऱ्याच्या जागी. नवरा इथेच दरवाजे चालवायचा. दरवाजा लोखंडी दोरावर लटकलेला असतो, आणि तो दोर वरच्या पिंपावर गुंडाळून दरवाजा उचलतात. ‘दोर बदलणे प्रस्तावित’ होतं. एका पावसात तिसरा दरवाजा उचलताना दोर तुटला आणि सुटलेलं टोक त्याच्या अंगावरून फिरलं. मथुराबाय त्या वेळी त्याचा डबा घेऊन पुलाच्या पायऱ्या चढत होती. तिने काय पाहिलं ते तिने मला एकदाच सांगितलं, आणि मी ते इथे लिहिणार नाही. पुलावरचे डाग तिने स्वतः घासून काढले, कारण दुसरं कोणी पुढे होईना. दीड वर्षाने अनुकंपेवर नोकरीचा कागद आला. कुठला दरवाजा सांभाळशील, असं तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, तर ती म्हणाली, तिसरा.

रोज सकाळी ती त्या दरवाज्याशी भांडायची. हातात दोन शेरी हातोडा घ्यायची आणि एकेका रिव्हेटवर घाव घालायची. “काय गो सटवे, उठलीस? नवरा खाल्लास, पोट भरलं न्हाय? आं? ही बग, ही ढिली करतेस व्हय?” बघणाऱ्याला वाटावं बाईला वेड लागलंय. पण ढिला रिव्हेट वेगळा वाजतो, आणि तो आवाज ऐकायची खरी रीत हीच. कुठला रिव्हेट गेला ते ती खडूने खूण करून मला दाखवायची. दोराला ग्रीस ती हाताने चोपडायची, बोट न् बोट फिरवून, तुटलेल्या तारा चाचपत. तिच्या दोन्ही तळव्यांवर तारांचे ओरखडे होते.

दुसरं काम बरणीचं. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच. ते पायथ्याच्या चरात जमतं. मथुराबाय लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी घेऊन रोज चरावर जायची, ती भरायची, कठड्यावर ठेवायची आणि चहा पिऊन होईपर्यंत तिच्याकडे बघत बसायची. पाणी नितळ राहिलं तर ठीक. तळाशी गाळ बसला तर समजायचं की पाणी बांधाची माती आतून खातंय. हे मला कॉलेजात इंग्रजीत शिकवलेलं होतं. तिला ते खारबंदिस्तीवरून माहीत होतं. खाडीकाठच्या खाजणात भरतीचं पाणी अडवायला जे मातीचे बांध घालतात, त्यांना खेकड्याचं बीळ पडलं आणि त्यातून गढूळ पाणी आलं, की घटकाभरात बांध जातो. तिथलं शेंबडं पोरही गढूळ पाणी दिसलं की बोंब मारतं.

आमच्या भोंग्याची मात्र कोणाला भीती उरली नव्हती. नियम असा की दरवाजे उचलायच्या आधी तीनदा भोंगा वाजवायचा. पाणी येवो न येवो, आम्ही तो इतक्यांदा वाजवला होता की नदीपात्रात बसलेली माणसं त्या वेळी घड्याळ जुळवून घेत. म्हणून मथुराबाय भोंगा झाला की काठी घेऊन स्वतः नदीत उतरायची.

एका श्रावणात मुंबईकडचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला सांडव्याखालच्या कातळावर उभं राहिलं होतं. मुलीचा झगा इतका लांब की तो धरायला वेगळा माणूस. आम्ही भोंगा दिला. फोटोवाला वर बघून ओरडला, “सर, साउंड एकदम भारी आहे, परत एकदा!” मथुराबाय खाली उतरली. तिने पहिली काठी कॅमेऱ्यावर मारली, दुसरी नवरदेवाच्या कपाळावर. नवरी किंचाळायला लागली तशी तिला मनगटाला धरून, झग्यासकट, दगडगोट्यांवरून फरफटत काठावर आणली. मुलीचे दोन्ही गुडघे सोलले. बाकीचे आपोआप मागे धावत आले, तिला मारायला. ते काठावर पोचले आणि कातळ पाण्याखाली गेला. फोटोसाठी आणलेली पांढरी खुर्ची एकदा गिरकी घेऊन दिसेनाशी झाली.

तरी त्यांनी तक्रार दिलीच. पोलीस स्टेशनात मी साहेबी भाषेत खुलासा करत होतो. नवरदेवाच्या कपाळाला चार टाके होते आणि तो ते पुन्हा पुन्हा दाखवत होता. मथुराबायचा संयम सुटला.

“चार टाकं परलं तं रडतंस?” ती टेबलावर हात आपटून म्हणाली. “तुजं मढं खारीच्या चिखलान सापरलं असतं, तं टाकं कुठं घालनार व्हतास रं?”

हवालदाराने तोंड फिरवून हसू दाबलं. खटला उभा राहिला, अलिबागला तारखा पडल्या. ती प्रत्येक तारखेला गजरा माळून जायची.

घरच्यांशीही तिचं तसंच. धाकटा दीर दामाजी हा वाडीचा पुढारी, उंच, देखणा आणि तिच्याइतकाच तापट. त्याने एकदा सांडव्याखाली, बंदी असलेल्या जागी, नदीच्या आरपार जाळं लावलं. मथुराबायने कोयत्याने ते उभं फाडलं. दामाजीने तिच्या घरावर दगड मारले, तिने त्याच्या दारात फाटकं जाळं पेटवलं. त्याची बायको सुनंदा ही दोघांच्या मध्ये उभी राहून दोघांनाही रडत शिव्या देत होती. मी समजूत घालायला गेलो होतो. मला सुनंदाने पाणी दिलं आणि म्हणाली, “सायब, तुमी जा. यांचं असंच हाय. उद्या एकाच ताटान जेवतील.” खरोखरच जेवत. कारण दोघांच्या मध्ये एक म्हातारी होती.

ती मथुराबायची सासू, दामाजीची आई. दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. दामाजीच्या घरी असायची, आणि ते घर वाडीत सगळ्यात खाली, खाडीला लागून. जगात ज्या एका माणसावर मथुराबायने कधी हात उगारला नाही ते हेच. तिला शिव्या शिकवल्या त्याही सासूनेच. नवरा गेल्यावर सगळी वाडी म्हणत होती की बाईमाणसाने धरणावर जाऊ नये, तेव्हा म्हातारी म्हणाली होती, “माजा पोर गेला त्या जागेवर दुसरा कोन उभा ऱ्हायलेला मना चालनार न्हाय.” सुट्टीच्या दिवशी मथुराबाय तिला न्हाऊ घालायची. मी एकदा ते दारातून पाहिलं. दोघी एकमेकींना इतक्या घाण शिव्या देत होत्या आणि इतक्या हसत होत्या, की मी तसाच परत फिरलो.

आता नारळी पुनवेचं सांगायला हवं.

त्या वर्षी पुनवेआधी तीन दिवस पाऊस थांबला नाही. वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि बसला. मोबाइलचा टॉवर मेला. धरणावर मी, मथुराबाय आणि चार मजूर. वीज नसली की दरवाजे हाताने उचलायचे. लोखंडी हँडल लावून चौघांनी फिरवत राहायचं, घामाघूम होईपर्यंत, तेव्हा कुठे दरवाजा हातभर वर येतो.

पुनव असल्याने बाराला भरती. आमचं ठरलं होतं की साडेबाराला उचलायला सुरुवात करायची, म्हणजे पाणी खाली पोचेल तेव्हा ओहोटी त्याला ओढून नेईल. सकाळी आठला आम्ही भोंगा दिला आणि एका मजुराला वाडीत पाठवलं, की घरं रिकामी करा, होड्या वर ओढा. नारळी पुनवेला हे सांगणं म्हणजे दसऱ्याला पाटीपुस्तकं फेकून द्या म्हणण्यासारखं. दोन महिने काठावर पडलेल्या होड्या त्या दिवशी रंगवून, पताका लावून पाण्यात घालतात. दर्याला नारळ वाहायचा असतो. सगळी वाडी नटूनथटून बंदरावर असते.

दहा वाजून गेले होते. मथुराबाय बरणी घेऊन चरावर गेली आणि धावत परत आली. ती धावली असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बरणी तिने माझ्या डोळ्यांसमोर धरली. तळाशी दोन बोटं तांबडा गाळ होता.

“पायथ्याला उकली फुटलीय. नारलाएवढी,” ती म्हणाली. “आता भरती बगायची न्हाय, सायब. आता उघरायचं.”

मी तिच्याकडे बघितलं. भरतीसाठी माझ्या थोबाडीत मारणारी बाई मला भरतीवर पाणी सोडायला सांगत होती. बांध गेला तर पाऊण तासाने वाडी, त्यामागची बाजारपेठ, शाळा, सगळं एका लाटेत जाईल. दरवाजे उचलले तर फक्त खालची घरं बुडतील. दामाजीचं घर धरून. मी म्हणालो, “उघडा.” तिने तिसऱ्या दरवाज्याचं हँडल उचललं.

तेवढ्यात ते आले. दामाजी पुढे आणि त्याच्यामागे पंचवीस-तीस माणसं, पुनवेचे नवे कपडे घातलेली, हातांत वल्ही, काठ्या. दामाजी पुलावर आला आणि ओरडला, “आज दरवाजा उघरायचा न्हाय! सांजेला काय ते कर. होऱ्या पान्यान हायत, बायका-पोरं बंदरावर हायत!” आणि त्याने हँडलला हात घातला.

मथुराबायच्या डाव्या हातात बरणी होती, उजव्या हातात हँडल. तिने हँडल चालवलं. दामाजीच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला पावसातही ऐकू आला.

मग जे झालं त्याला मारामारी म्हणायचं तर शब्द सौम्य आहे. बरणी फुटली. एक दगड मथुराबायच्या कपाळावर बसला आणि तिचं तोंड रक्ताने माखलं. तिने तिसऱ्या दरवाज्याच्या पिंपाला पाठ लावली आणि जो जवळ येईल त्याला हँडलने हाणत राहिली. एकाचे दात पडले. एकाने वल्हं तिच्या खांद्यावर मोडलं. केबिनच्या काचा गेल्या, आमचा वायरलेस कोणीतरी उचलून जलाशयात फेकला. माझ्या पोटात लाथ बसली आणि मी कठड्याशी दुमडून पडलो. पडल्या पडल्या मला पुलाच्या फटीतून खालचं पाणी वर येताना दिसत होतं. वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं. एकही माणूस बोलत नव्हता, सगळे फक्त ओरडत होते.

शेवटी तिने हँडल टाकलं, दामाजीचे केस मुठीत धरले आणि त्याला पायऱ्यांवरून फरफटत खाली बांधाच्या पायथ्याशी नेलं. माणसं मागून तिला मारतच होती. तिथे गवतातून तांबडं पाणी उकळत वर येत होतं, आता परातीएवढं झालेलं. तिने दामाजीचं तोंड त्याच्यावर दाबलं.

“बग! गढूल हाय का नितल? बोल, भाड्या!”

मागची माणसं जागच्या जागी थांबली. सगळी खारबंदिस्तीवर वाढलेली. दामाजीने मोडका हात छातीशी धरला, दुसरा त्या पाण्यात घातला, माती बोटांत चोळून पाहिली.

“बांध चाललाय,” तो म्हणाला. आणि मग, लहान मुलासारखा, “वयनी, आयस घरान हाय.”

“मना ठावं हाय,” मथुराबाय म्हणाली. “पल.”

तो पळाला. एकाने मोटरसायकल काढली, दामाजी मागे बसला. बाकीची माणसं, जी तिला मारायला आली होती तीच, पुलावर चढली आणि हँडलला लागली. चौघे थकले की दुसरे चौघे. मथुराबाय तिसऱ्या दरवाज्याशी उभी राहून रक्त थुंकत मोजत होती. तो दरवाजा आधी उठला, मग दुसरा, मग चौथा. पाणी भिंतीसारखं सांडव्यावरून कोसळलं.

वाटेतले ओहोळ भरून रस्त्यावर आलेले, त्यामुळे मोटरसायकल वाडीत पाण्याच्या थोडीच आधी पोचली. बंदरावरचं माणूस न् माणूस टेकडीवर पळालं, नारळ, ताटं, लुगडी सगळं टाकून. होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. दामाजी गल्लीत शिरला तेव्हा पाणी त्याच्या छातीशी होतं. एका हाताने पोहत तो दारापर्यंत गेला. त्याच्या डोळ्यांदेखत घराची मागची भिंत बसली. म्हातारी त्या भिंतीलाच लागून झोपायची.

बांध टिकला. वरचं पाणी उतरलं तसा पाझर मंदावला, आम्ही त्याच्या तोंडावर वाळू-खडीची पोती रचली. दुपारी तीनच्या सुमारास एक माणूस वाडीतून चालत आला आणि त्याने मथुराबायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग वळून तिसऱ्या दरवाज्याच्या लोखंडी खांबावर आपलं डोकं आपटायला लागली. एकदा, दोनदा, जखमेवरच. आम्हा चौघांना तिला धरता येत नव्हतं.

मी त्या वीस मिनिटांबद्दल खूप विचार केला आहे. बरणी तिच्या हातात होती. दामाजी समोर आला तेव्हा तिने हँडलऐवजी बरणी पुढे केली असती, तर तो तिथूनच मागे फिरला असता आणि म्हातारीला खांद्यावर घालून टेकडीवर पोचला असता. पण तिने आयुष्यभर आधी मारलं आणि मग सांगितलं. त्यामुळे कितीतरी माणसं वाचली होती. त्या दिवशी तेच नडलं. हे तिला माहीत होतं. आणि मी? मी तिच्या शेजारी उभा होतो, बरणी मीही पाहिली होती, मलाही तोंड होतं. चौकशीत मला हा प्रश्न कोणी विचारला नाही.

वाडीने तिला वाळीत टाकलं. सासूच्या क्रियेला येऊ दिलं नाही. ती खाडीच्या पलीकडच्या काठावर दिवसभर उभी होती असं म्हणतात. तिचं घर पडलंच होतं, ते कोणी उभं करू दिलं नाही. ती धरणावरच्या खोलीत राहायला लागली. दामाजीचं मनगट वाकडंच जुळलं. तो तिच्याविरुद्ध पोलिसांत गेला नाही, पण तिचं नावही त्याने पुन्हा घेतलं नाही.

माझी बदली अलिबागला झाली. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात, अवसेच्या सुमारास, काही कामाने मी सकाळीच बंदरवाडीत गेलो होतो. पाऊस होता. वाडीच्या वरच्या टोकाला मी छत्री घेऊन उभा होतो आणि खालून काठीचे आवाज आले. मथुराबाय दारोदार फिरत होती. धरणावर नव्या माणसाला बसवून ती पाणी सोडायच्या तीन तास आधी सात मैल चालत खाली आली होती, आणि हे ती आता दर वेळी करते असं मला मागाहून कळलं. ती दाराला काठी हाणायची, “भायेर! गाठोरं घ्या, भायेर!” म्हणून ओरडायची, आणि आतून उत्तर यायचं नाही. पण दार उघडायचं. माणसं बाहेर यायची, गाठोडी बांधून तयार, म्हातारी माणसं पाठुंगळीला घेतलेली, आणि तिच्या अंगावरून, तिच्याकडे न बघता, टेकडीच्या वाटेला लागायची. एकानेही वाद घातला नाही. दामाजी वाकड्या हाताने एक ट्रंक ओढत गेला.

सगळ्यात शेवटी खालच्या, जुन्याच जागी बांधलेल्या नव्या घरातून सुनंदा निघाली. डोक्यावर बोचकं, कडेवर नात. मथुराबायपाशी ती थांबली. मला वाटलं, बोलेल. सुनंदाने घसा खाकरला आणि तिच्या पायांवर थुंकली, आणि नातीला सावरत वर चढू लागली.

मथुराबायने मान वळवून तिला वाटेला लागलेली पाहिलं. मग ती त्या रिकाम्या घराच्या दारात वाकली, आत कोणी राहिलं नाही ना ते बघायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.